कॉन झालं, ओपन माइक झाला: मेन स्टेज सोडून काय काय पाहिलं

शेवटची_रांग

गेल्या शनिवार-रविवारी भाचीच्या हट्टापायी पॉप कल्चर कन्व्हेन्शनला जाऊन आलो. दोन्ही संध्याकाळी तिथून उठून थेट कॉमेडीच्या शोला. घरी आल्यापासून तिघांनी विचारून झालंय, "मेन स्टेजवर कोण आलं होतं?" खरं सांगू? पुढच्या माणसाने वर धरलेला मोबाइल आला होता. त्याच्या स्क्रीनवर स्टेजवरची मोठी स्क्रीन दिसत होती आणि त्या मोठ्या स्क्रीनवर कुणीतरी हात हलवत होतं. हे मी घरी बसून, पाय वर घेऊन पाहिलं असतं.

लक्षात राहिलं ते भलतंच. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट. हॉलच्या एका कोपऱ्यात, दोन खांबांच्या मधे एक टेबल होतं. वर पाटी, 'कॉस्प्ले दुरुस्ती'. कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून यायचं. टेबलावर ग्लू गन, सेफ्टी पिना, इलॅस्टिक, सुईदोरा, दुहेरी चिकटपट्टी, कात्र्या. आमच्यासमोर एक पूर्ण चिलखतातला योद्धा आला. चेहरा झाकलेला, खांद्यावर एवढाले काटे. बघूनच भीती वाटावी. टेबलापाशी आला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "ताई, बेल्ट सुटलाय." टेबलामागच्या मुलीने त्याला वळवला, पाठीवरचा पट्टा बघितला आणि विचारलं, "शिवलं नाहीस ना? नुसतं चिकटवलंस?" योद्ध्याने मान खाली घातली. पाच मिनिटं तो शाळेतल्या पोरासारखा उभा, ती टाके घालतेय, आणि मागे एक पंखवाला ड्रॅगन, एक पांढऱ्या विगवाली मुलगी आणि डोक्यावरची शिंगं हातात घेतलेला एक गृहस्थ आपापला नंबर यायची वाट बघतायत.

त्या ड्रॅगनला पंखांमुळे खुर्चीत बसता येत नव्हतं. गुडघ्यावर टेकून विश्रांती घेत होता. भाचीने त्याला विचारलं, "दादा, बाथरूमला कसं जाता?" तो म्हणाला, "सकाळपासून पाणी प्यायलो नाहीये." वर, "तू हे शिकू नकोस," हेही सांगितलं.

दुसरी गोष्ट आर्टिस्ट ॲली. स्वतः काढलेली चित्रं, कॉमिक्स, स्टिकर घेऊन बसलेल्या चित्रकारांची ओळ. एका टेबलावर पुढच्या बाजूला सगळ्या ओळखीच्या सुपरहिरोंचे प्रिंट आणि मागे, जवळजवळ पाठमोरी ठेवल्यासारखी, एका अनोळखी कॉमिकची छोटी थप्पी. विचारलं तर म्हणाला, "पुढचं विकलं जातं. मागचं माझं आहे." भाचीने मागचं उचललं. त्याने सही करायला पेन घेतलं, नाव विचारलं, लिहिलं, मग बघितलं की पेनाला टोपण तसंच आहे. पुन्हा लिहिलं. मला तर वाटतं, दिवसभरात त्याच्याकडे सहीची वेळच आली नसावी.

आता संध्याकाळ. शनिवारी ओपन माइक, म्हणजे नाव दिलं की कुणीही माइकसमोर उभं राहून विनोद करून बघायचा. तळघरातली खोली, चाळीसेक खुर्च्या, प्रेक्षक चौदा. त्यातले नऊ स्वतः कॉमेडियन, आपला नंबर यायची वाट बघत वहीत खुडबुड करणारे. म्हणजे खरे प्रेक्षक पाच, आणि त्यातले दोन आम्ही. एका मुलाला मी पंधरा दिवसांपूर्वी याच खोलीत पाहिलं होतं. तेव्हा त्याचा जोक असा होता: बाबा गाडी चालवताना नेव्हिगेशनवाल्या बाईचं ऐकत नाहीत, मग ती बाई म्हणते, 'मार्ग पुन्हा शोधत आहे', तर मागे बसलेली आई म्हणते की मीसुद्धा तीस वर्षं दुसरा मार्ग शोधतेय, कारण हे माझंही कधी ऐकत नाहीत. लोक हसले. 'बरं आहे'वालं हसू.

शनिवारी तोच जोक. बाबांचं तेच, बाईचं तेच. "बाई म्हणाली, 'मार्ग पुन्हा शोधत आहे.'" थांबला. "मागच्या सीटवरून आई म्हणाली, 'मीपण.'"

खोली फुटली. चौदा माणसांत जेवढी फुटू शकते तेवढी. पंधरा दिवसांत त्या पोराने कापाकापी केली, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर झाली. मेन स्टेजवर हे दिसत नाही हो. तिथे सगळं आधीच चिकटवून, रंगवून, वाळवून आणलेलं असतं.

तुम्ही कुणी गेला असाल तर लिहा. मेन स्टेजचं कौतुकही चालेल, भांडणार नाही. (थोडं भांडेन.)

निवांत_पाटील

रांगेत किती तास गेले ते लिहिलं नाहीत. आम्ही एकदा गेलो होतो, बॅज घ्यायला एक रांग, बॅग तपासायला दुसरी, आणि आत गेल्यावर ज्या रांगेत उभे राहिलो ती कशाची आहे हे पुढच्यालाही माहीत नव्हतं. पाऊण तासाने कळलं की टी-शर्टची आहे. घेतला मग. काय करणार.

हिशेबनीस

पाटील, तुम्ही सुटलात. सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये 'हॉल एच' नावाचं सभागृह आहे, त्यात साधारण साडेसहा हजार माणसं बसतात. कन्व्हेन्शनला येतात लाखाच्या वर. बाकीचं गणित तुम्हीच करा. लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पथारी टाकतात.

गंमत म्हणजे हेच कॉन १९७० च्या मार्चमध्ये एका दिवसाचा प्रयोग म्हणून झालं तेव्हा शंभरेक लोक होते. ऑगस्टमध्ये यू. एस. ग्रँट हॉटेलात तीन दिवसांचं पहिलं पूर्ण कॉन भरलं, त्याला तीनशेच्या आसपास. आणि त्या तीनशे जणांत पाहुणे म्हणून विज्ञानकथा लेखक रे ब्रॅडबरी आणि सुपरहिरो कॉमिक्सचा नामवंत चित्रकार जॅक कर्बी! म्हणजे तेव्हा कर्बीशी बोलायला रांग लावायची तर रांगेला माणसं कमी पडली असती.

टोकियोच्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या जत्रेचंही तसंच. डिसेंबर १९७५ मधल्या पहिल्या खेपेला कॉमिक काढणाऱ्यांचे ३२ गट आणि ७०० च्या आसपास लोक. आज तिथे हजारो गट टेबलं मांडतात. पण त्याची जात वेगळी. तिथे मेन स्टेज हा प्रकार मुद्दा नाहीच, स्वतः छापलेलं कॉमिक स्वतः विकायचं हाच कार्यक्रम. धागाकर्त्याचं ते 'मागचं माझं आहे' तिथे पुढे असतं.

शेवटची_रांग

हिशेबनीस, शेवटची ओळ कापून भिंतीवर लावतो.

फोमवाली

इतकी वर्षं वाचनमात्र होते, पण दुरुस्तीच्या टेबलाबद्दल वाचून राहवलं नाही. मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेय.

तो योद्धा जे घालून आला होता ते ईव्हीए फोम असणार. जिममधल्या जमिनीवर कोड्यासारखे जोडलेले मऊ चौकोन असतात ना, तेच. कागदावर साचा काढायचा, फोमवर उतरवायचा, धारदार कटरने कापायचा. कटर बोथट झाला की फोम कापला जात नाही, फाटतो, म्हणून पातं सारखं बदलायचं. मग हीट गन. गरम हवेने फोम मऊ पडतो, गुडघ्यावर दाबून धरला की गार होताना तोच गोलावा धरून बसतो. माझी सगळी चिलखतं माझ्या गुडघ्याच्या मापाची आहेत. शिवाय उष्णतेने वरची छिद्रं मिटतात. हे केलं नाही तर फोम रंग पीत राहतो, स्पंजासारखा. जोडायला कॉन्टॅक्ट सिमेंट. हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून आणि मास्क लावून. आईच्या बेडरूममध्ये करू नका, मी केलंय.

आणि हो, पट्टा शिवायचाच असतो. गोंद ताण सोसत नाही. चिलखत हलकं असलं तरी माणूस हलतो, वाकतो, फोटोसाठी तलवार उगारतो, सगळा ताण त्या बोटभर पट्टीवर. टेबलामागची मुलगी बरोबर ओरडली.

तलवारीवरून आठवलं. दारात हत्यारं तपासतात. खरं धातूचं पातं आत नेऊ देत नाहीत, आणि नेऊ दिलेल्या वस्तूला भडक रंगाचा प्लॅस्टिकचा टाय किंवा फीत बांधतात, म्हणजे लांबून कळतं की हे तपासलेलं आहे. चार महिने खपून केलेल्या कुऱ्हाडीवर नारिंगी फीत. फोटोत नेमकी तीच दिसते.

एक तक्रारही करते. एका कॉनमध्ये एका माणसाने न विचारता माझा विग ओढून बघितला, "खरे आहेत का?" म्हणून. विगाखाली चाळीस पिना असतात, त्या टाळूत शिरल्या. डोळ्यांत पाणी आलं, आणि तो हसत होता. न्यूयॉर्कच्या कॉनने २०१४ मध्ये 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' अशा अर्थाच्या मोठ्या पाट्या लावल्या. लोकांना वाटतं, इतकं उघड ते पाटी लावून सांगायचं? हो, सांगायचं. फोटो हवा तर विचारा, आम्ही त्यासाठीच तर उभे आहोत. हात लावायचा तर आणखी एकदा विचारा.

कुंपणावरचा

मला हा सगळा प्रकार परकं फॅड वाटतो. चाळिशीतली माणसं कार्टूनचे कपडे घालून फिरतात आणि तळघरात कुणीतरी आईबापांवर विनोद करतो. असो. चालू द्या.

फोमवाली

कुंपणावरचे काका, फॅड म्हणावं तर बरंच टिकलंय. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यातले कपडे घालून गेले. बाकी सगळे सूट-टायमध्ये. दोघांचेही कपडे मर्टलने शिवले होते. नाव मात्र बरीच वर्षं ॲकरमनचंच घेतलं जायचं, आता लोक तिला कॉस्प्लेची आद्य म्हणतात. आणि 'कॉस्प्ले' हा शब्द जपानी, १९८३ मध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका मासिकात वापरला तिथून रुळला. तोपर्यंत लोक ४४ वर्षं बिननावाचंच करत होते.

बाकावरची_सुमन

आणि सोंग घेणं परकं? काका, बतावणीत सोंगाड्या काय करतो? पुढे बसलेल्याची टोपी, मिशी, बरोबरची मंडळी, काही सोडत नाही. इंग्रजीत त्याला 'क्राउड वर्क' म्हणायला लागले म्हणून ते तिकडचं झालं होय?

माझा प्रश्न वेगळा आहे. मी साठीला आलेय. मुलगा म्हणतो, 'आई, ओपन माइकला येऊ नकोस, तुला नाही झेपणार.' कोवळ्या पोरांच्या तोंडी शिव्या ऐकून मला काही होत नाही, शाळेत पस्तीस वर्षं शिकवलंय. पण जाऊन कुठे बसायचं? पहिल्या रांगेत बसलं तर अंगावर येतात म्हणे.

ताजा_कलम

सुमनताई, जरूर या. मी गेली सहा वर्षं ओपन माइक चालवतो, म्हणजे सूत्रसंचालन, खुर्च्या लावणं आणि माइकचा सेल बदलणं, सगळं मीच. तुम्ही पहिल्या रांगेतच बसा. साठीच्या बाई पुढे बसल्यात म्हटल्यावर निम्मी पोरं आपोआप सभ्य होतात आणि उरलेली घाबरतात. दोन्ही बघण्यासारखं असतं. क्राउड वर्कवाल्याने "काय करता?" विचारलं तर खरं उत्तर द्या, थोडक्यात. 'शिक्षिका' एवढंच. विनोद करायचं काम त्याचं आहे. बरेच प्रेक्षक इथेच चुकतात, स्वतःच पंच मारायला जातात.

धागाकर्त्यांनी तो 'मीपण'चा जोक लिहिला ते छान केलंत. यात नेमकं काय झालं ते सांगतो. पहिल्या खेपेला हशाचा शब्द वाक्याच्या मधे होता आणि त्याच्यापुढे 'कारण' आलं. हशा यायच्या ठिकाणी तो अजून बोलतच होता. प्रेक्षक सभ्य असतात, बोलणं संपेपर्यंत थांबतात, आणि थांबले की गेलं. दुसऱ्या खेपेला त्याने 'कारण' आईच्या तोंडून काढून आपल्या डोक्यात ढकललं. 'मीपण' ऐकल्यावर तीस वर्षं आपण भरतो. माझ्या वहीत यासाठी एकच खूण आहे, 'का'वर काट.

खोलीबद्दल. छत खाली, खुर्च्या खेटून, अंधार, हे मुद्दाम असतं. चौदा माणसं चाळीस खुर्च्यांत विखुरली तर मेलेच समजा, म्हणून मी सगळ्यांना पुढे ओढतो आणि मागच्या खुर्च्या उचलून ठेवतो. लोक कुरकुरतात. पण हसू एकट्याने येत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने लोकांच्या हसण्याच्या नोंदी केल्या होत्या. माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत तीसपट जास्त हसतो, असं त्यांना दिसलं. आणि बहुतेक वेळा लोक जोकला हसतच नाहीत, साध्या बोलण्याला हसतात. हे वाचल्यावर मी आठवडाभर खिन्न होतो.

निवांत_पाटील

मागची विटांची भिंत पण मुद्दाम असते का? जिथे बघावं तिथे विटांची भिंत.

ताजा_कलम

ती गरिबीतून आलीय. १९६३ मध्ये बड फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कमध्ये 'द इम्प्रॉव्ह' नावाचा कॉमेडी क्लब सुरू केला. भिंतीवरचं जुनं लाकूड काढलं तर मागे विटा निघाल्या, आणि त्या झाकायला पैसे नव्हते. तशाच ठेवल्या. आता लोक गुळगुळीत भिंतीवर विटांचा वॉलपेपर लावतात. आमच्याकडेही वॉलपेपरच आहे, एका कोपऱ्यात सुटलाय.

हिशेबनीस

कलमराव, पोरांना पैसे देता का?

ताजा_कलम

नेमकी नस दाबलीत. ओपन माइकला नाही. तिकीट लावलेल्या शोला देतो, फार नाही. हा वाद जुना आहे. लॉस एंजलिसच्या 'कॉमेडी स्टोअर' या क्लबमध्ये कॉमेडियनांना मानधन नसायचं, मालकीणबाईंचं म्हणणं, ही कार्यशाळा आहे, इथूनच तुम्हाला टीव्हीवर बोलावणं येतं. १९७९ मध्ये कॉमेडियन संपावर गेले. साधारण सहा आठवडे चालला. संपकऱ्यांत जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन होते, म्हणजे पुढे टीव्हीवर ज्यांचं नाव झालं ते तेव्हा दारात फलक घेऊन उभे. शेवटी एका सेटला, म्हणजे मंचावरच्या एका खेपेला, २५ डॉलर ठरले.

'कार्यशाळा आहे' हे वाक्य मीही पोरांना ऐकवतो. ऐकवताना दर वेळी हा संप आठवतो आणि जरा भरभर बोलतो.

शेवटची_रांग

आता रविवारची फजिती लिहून टाकतो. रविवारी इम्प्रॉव्हचा शो होता, म्हणजे संहिता नाही, प्रेक्षकांनी शब्द द्यायचा आणि ते त्यावर नाटक उभं करणार. सुरुवातीला म्हणाले, "एक जागा सांगा." पाच जण एकसुरात ओरडले, "संडास!" स्टेजवरच्या मुलीच्या चेहऱ्यावर जी छटा आली ती मी विसरणार नाही. हे तिने नेमकं कितव्यांदा ऐकलं असेल? मग तिने प्रश्न बदलला: "तुमच्या आजोबांनी जपून ठेवलेली एक निरुपयोगी वस्तू सांगा." क्षणभर सगळे गप्प. मग मागून एक काका म्हणाले, "बंद पडलेल्या घड्याळाची किल्ली." वीस मिनिटं त्या किल्लीवर चाललं, आणि काय चाललं!

मग प्रेक्षकांतून एक जण वर हवा होता. भाचीने माझा हात वर केला. मला एकच सूचना, समोरचा जे म्हणेल ते मान्य करायचं आणि पुढे न्यायचं. समोरचा म्हणाला, "डॉक्टर, माझ्या पोटात घड्याळ आहे." मी म्हणालो, "नाही हो, मी डॉक्टर नाही."

शांतता. एवढी शांतता मी बँकेत पण ऐकली नाहीये. त्या मुलीने सांभाळून घेतलं: "बरोबर, हे घड्याळजी आहेत, डॉक्टर रजेवर आहेत." सगळा हशा तिला. जागेवर येऊन बसलो तर भाची म्हणते, "मामा, 'नाही' म्हणायचंच नव्हतं." घरी आल्यावर तिला म्हटलं, तू आयुष्यभर मला 'नाही' म्हणतेस ते?

बाकावरची_सुमन

ओपन माइकला जाऊन आले. पहिल्या रांगेत बसले. एकाने विचारलं, "काकू, काय करता?" मी 'शिक्षिका' म्हटलं. तो म्हणाला, "अरे बापरे," आणि पुढचं विसरला. खरंच विसरला. वही काढून बघावं लागलं. मी त्याला म्हटलं, "सावकाश." सगळे हसले, मी विनोद केला नव्हता.

मुलाला सांगितलं नाहीये अजून.

ताजा_कलम

सुमनताई, तो पोरगा तेव्हापासून तो प्रसंगच सेटमध्ये घालतोय. तुमचं 'सावकाश' हा त्याचा सगळ्यात चांगला पंच आहे. मानधन मागा.

शेवटची_रांग

'मीपण'वाल्याला काल पुन्हा पाहिलं. आता 'आई म्हणाली'ही काढून टाकलंय. बाई म्हणते, 'मार्ग पुन्हा शोधत आहे.' तो स्टिअरिंगवरचा एक हात तसाच ठेवून हळूच आरशात बघतो. थांबतो. "मीपण." बस. आधीचं बरं होतं की हे, मला ठरवता येत नाहीये. मागच्या रांगेतल्या एकाला कळलंच नाही कोण बोललं ते.

आणि फोमताई, एक काम होतं. भाचीने पुढच्या कॉनसाठी चिलखत करायला घेतलंय. सध्या खांदे. गोंद दोन्ही बाजूंना लावून लगेच दाबायचा की थांबायचं? पहिला जोड दोनदा सुटला.

फोमवाली

थांबायचं! कॉन्टॅक्ट सिमेंट दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि सुकू द्या. बोट लावून बघा, बोटाला आलं नाही की जोडा. पण नीट मापात धरून मगच टेकवा, एकदा टेकलं की सरकवता येत नाही. आणि खिडकी.

शेवटची_रांग

झाले. घट्ट बसलेत, रंगही दिला. खिडकी उघडी होती, माझी बहीण साक्षीदार आहे. फक्त एक झालंय. एकाच साच्यावरून दोन्ही कापले, दुसऱ्या वेळी साचा उलटा करायचा राहिला. दोन्ही खांदे डावे आहेत.

फोमवाली

तिला सांगा, माझ्याकडे तीन डावे बूट आहेत.